‘क्लेअरचे मॅकमहॉन’ एवढ्यावरून पूर्वजांचं गाव सापडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सासूबाई बॉस्टनजवळच्या, माहेरच्या मॅकमहॉन. त्यांचे पणजोबा मायकेल साधारण १८४८ मध्ये आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत जन्मले, १८६८ च्या सुमारास बॉस्टनला आले आणि १८७४ मध्ये तिथेच ऑनोराशी त्यांचं लग्न झालं. येत्या जूनमध्ये सासूबाईंना घेऊन तुम्ही क्लेअरला निघालात आणि त्यांना मूळ घराची जागा दाखवायची आहे. साइटवर नाव टाकलं की मायकेल मॅकमहॉन ढिगाने निघतात. कुणाच्या तरी ऑनलाइन वंशवृक्षात ‘किलरश’ लिहिलंय. आणि एका नातेवाइकाने सांगून टाकलंय की १९२२ मध्ये सगळे कागद जळाले, उगाच वेळ घालवू नका.

मी इथे क्लेअरमध्येच राहते आणि लोकांची घराणी शोधून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आधी त्या नातेवाइकांचं बोलणं बाजूला ठेवू. जळालं हे खरं, सगळं जळालं हे खोटं. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली, प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या. पण कॅथलिक चर्चच्या वह्या मुळात तिथे नव्हत्याच, त्या ज्या त्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागात, होत्या. जन्म-मृत्यू-विवाहाच्या सरकारी नोंदी वेगळ्या कचेरीत होत्या, त्या शाबूत आहेत. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे फॉर्म आगीत गेलेले नाहीत, आकडे काढून झाल्यावर सरकारनेच ते नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत घालून त्यांचा लगदा केला. सासूबाईंच्या पणजोबांसाठी ह्या आगीने फार तर एक दार बंद केलंय.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही अख्ख्या काउंटीत एक नाव शोधताय, आणि आयर्लंडमध्ये नाव शोधून माणूस सापडत नाही, गाव कळलं तर सापडतो. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेल्यावर ते आधी ‘गाव कोणतं?’ विचारतात आणि मगच वही काढतात ना, तसंच इथे आहे. हे गाव म्हणजे टाउनलँड. बाजारपेठ, वेस, पार असलेलं गाव डोळ्यासमोर आणू नका. टाउनलँड म्हणजे जमिनीचा एक नाव असलेला तुकडा, कधी दोनतीन घरांचा, कधी चाळीस. आयर्लंडभर असे साठ हजारांच्या वर आहेत, एकट्या क्लेअरमध्ये दोन हजारांच्या वर. ह्याच्या वर सिव्हिल पॅरिश (सरकारी कामासाठीचा पॅरिश), त्याच्या वर बॅरनी (क्लेअरमध्ये ११), मग काउंटी. कॅथलिक पॅरिशची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळतेच असं नाही, बरेचदा नावही वेगळं असतं. सरकारी नोंदणीचे जिल्हे तर तिसऱ्याच पद्धतीने, गरीबगृहांच्या युनियनप्रमाणे पाडलेले (एका गरीबगृहाच्या हाताखालचा भाग म्हणजे एक युनियन). म्हणून कुणी ‘किलरश’ लिहिलं, तर मी पहिल्यांदा विचारते, कोणतं किलरश? शहर, पॅरिश की युनियन? किलरश युनियनमध्ये नैऋत्य क्लेअरचा बराच मोठा भाग येतो. वंशवृक्षात ते नाव लिहिणाऱ्याला ह्यातलं काय म्हणायचं होतं, हे त्यालाही माहीत नसण्याची शक्यता दांडगी आहे.

हा टाउनलँड तुम्हाला आयर्लंडमध्ये बसून सापडायचा नाही. तो सापडलाच तर तुमच्याकडे, मॅसॅच्युसेट्समध्ये सापडेल. लोक उलट समजतात, विमानाची तिकिटं काढतात आणि क्लेअरच्या मुख्य शहरात, एनिसला, ग्रंथालयात येऊन म्हणतात, आमचे मॅकमहॉन काढून द्या. क्लेअरमधलं बहुधा सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव घेऊन आल्यावर तिथला माणूस तरी काय काढणार?

पहिलं काम, मायकेलची मृत्युनोंद काढा. मॅसॅच्युसेट्सच्या नोंदी अमेरिकेतल्या उत्तम नोंदींपैकी आहेत. त्यात मृताच्या आईवडिलांची नावं विचारलेली असतात आणि पुष्कळदा आईचं माहेरचं आडनावही मिळतं. ते एक आडनाव म्हणजे अर्धी लढाई. वडील पॅट्रिक मॅकमहॉन आणि आई मेरी ओब्रायन निघाली तर अजून गर्दीच आहे. पण आई टॅल्टी, मॅरिनन, कॉन्सिडाइन असली तर नकाशावरचा बराच भाग आपोआप गळतो. टॅल्टी म्हटलं की मी डोळे मिटून पश्चिम क्लेअरकडे वळते. १८७४ च्या लग्नाची सरकारी नोंदही काढा, त्यातही आईवडिलांची नावं असतात. मात्र मृत्युनोंदीतली माहिती मुलाने किंवा जावयाने दिलेली असते, ज्याने आजीला कधी पाहिलेलंही नसतं. दोन्ही नोंदी जुळल्या तरच पक्कं धरा.

मग त्या लग्नाची चर्चमधली नोंद. ही सरकारी नोंदीपेक्षा वेगळी. काही पाद्री नवरा-नवरीचा मूळ पॅरिश लिहून ठेवायचे, काही नाही. हे सर्वस्वी त्या पाद्र्यावर अवलंबून. नागरिकत्वाच्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. १९०६ च्या आधीच्या अर्जांत बहुतेक वेळा ‘आयर्लंड’ एवढंच असतं. त्यापेक्षा थडग्याचा दगड बघा. बॉस्टन भागातल्या जुन्या कॅथलिक दफनभूमीत पॅरिशच्या नावासकट ‘नेटिव्ह ऑफ’ कोरलेले दगड आहेत. आणि फक्त मायकेलचा नको, त्याच्या भावाबहिणींचे, साक्षीदारांचे, १८८० च्या जनगणनेतल्या शेजाऱ्यांचेही बघा. एकटा माणूस क्वचितच यायचा. आधी एक बहीण यायची, मग ती भावाचं तिकीट पाठवायची, मग मामेभाऊ. मायकेलच्या कागदात गाव नसेल तर बहिणीच्या मृत्युलेखात असू शकतं. ‘बॉस्टन पायलट’ ह्या तिथल्या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ पासून हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती यायच्या: अमुक काउंटी, अमुक पॅरिशचा माझा भाऊ तमुक साली बोटीने आला, पत्ता नाही. त्यांची सूची केलेली आहे, त्यात क्लेअरचे मॅकमहॉन चाळायला एक संध्याकाळ पुरे.

आणि सासूबाईंची डीएनए चाचणी करा. तुमच्या यजमानांची नाही, सासूबाईंची. त्या एक पिढी जवळ आहेत, त्यांच्याशी जुळणारे दूरचे भाऊबंद तुमच्या यजमानांच्या यादीत गळून गेलेले असतील. निकालातला टक्केवारीचा रंगीत नकाशा विसरा. कामाची आहे ती जुळणाऱ्या लोकांची यादी. त्यातल्या तिघाचौघांची झाडं एकाच पॅरिशकडे बोट दाखवत असतील, आणि त्यांनी ती एकमेकांची नक्कल करून बनवलेली नसतील, तर ते किलरश खरं मानायला मी तयार आहे. निकाल यायला काही आठवडे लागतात, तेव्हा हे काम जूनवर ढकलू नका.

आता समजा आईचं आडनाव मिळालं. मग क्लेअरच्या बाजूला या. इथे तुम्ही नशीबवान आहात, कारण घराणी शोधण्याच्या बाबतीत क्लेअर ही फार उदार काउंटी आहे. क्लेअर काउंटी लायब्ररीच्या साइटवर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून उतरवलेली कागदपत्रं फुकट आहेत: टाइद नावाच्या चर्चकराच्या १८२३ ते १८३७ दरम्यानच्या याद्या, ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, १९०१ ची जनगणना, स्मशानांतल्या दगडांवरचे लेख, लोकांनी दिलेले घरगुती कागद. ग्रिफिथचं व्हॅल्युएशन म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेली जमीन-घरांची करआकारणी. क्लेअरची १८५५ मध्ये छापली गेली. १८५१ ची जनगणना गेल्यामुळे ह्याच यादीवर आमचा सगळा डोलारा उभा आहे.

त्यातली एक ओळ कशी वाचायची ते सांगते, कारण लोक नाव बघून पुढे जातात. डावीकडे नकाशाचा आकडा. त्याच्यापुढचं मोठं अक्षर म्हणजे जमिनीचा तुकडा, छोटं अक्षर म्हणजे घर. मग कसणाऱ्याचं नाव, मग ज्याच्याकडून जमीन खंडाने घेतली त्याचं, मग ‘घर, ओसऱ्या-गोठे व जमीन’ असं वर्णन, क्षेत्रफळ आणि कराची आकारणी. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असतील तर कारकून कंसात बापाचं नाव टाकायचा: मायकेल मॅकमहॉन (पॅट), मायकेल मॅकमहॉन (जॉन). बापाऐवजी कधी केसांचा रंग किंवा धंदाही असतो. ह्या कंसातल्या शब्दाने मला कितीतरी गुंते सोडवून दिलेत. तुमचा मायकेल १८५५ मध्ये सात वर्षांचा पोर, तेव्हा तो इथे नसेल. शोधायचा त्याचा बाप. मॅकमहॉन आणि आईचं आडनाव ही दोन्ही एकाच किंवा लागून असलेल्या टाउनलँडमध्ये दिसली की तिथे खूण करा. हा पुरावा नव्हे, कुठली चर्चची वही आधी उघडायची हे ठरवायला मात्र पुरेसा.

मॅकमहॉन क्लेअरभर आहेत, पण त्यांचा जुना मुलूख नैऋत्येचा, म्हणजे आजच्या मोयार्टा आणि क्लॉन्डरलॉ बॅरनी, शॅनन नदीच्या मुखाकडचा पट्टा. पूर्वेला टल्लाकडे मॅकनमारा, उत्तरेला बरेनमध्ये ओलॉक्लिन. म्हणून ‘किलरश’ अगदीच हवेतलं नसावं. पण तिथलेच निघाले, तर एक गोष्ट आधीच मनाशी धरा: ते ग्रिफिथमध्ये सापडणारच नाहीत, असंही होऊ शकतं.

त्याचं कारण १८४५ नंतरचा दुष्काळ. बटाट्यावर रोग पडला, आणि ज्यांची भाडी थकली त्यांना जमीनदारांनी घराबाहेर काढलं. किलरश युनियनमध्ये हे इतक्या मोठ्या प्रमाणावर झालं की युनियनचा सरकारी निरीक्षक कॅप्टन आर्थर केनेडी १८४७ च्या अखेरीपासून वर याद्या पाठवत राहिला: कुठल्या टाउनलँडमधून कोणाला काढलं, घरात माणसं किती, घर पाडलं की नुसतं रिकामं केलं. त्या याद्या ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत छापल्या गेल्या आणि आज वाचायला मिळतात. (हाच केनेडी पुढे हाँगकाँगचा गव्हर्नर झाला, तिथलं केनेडी टाउन त्याच्याच नावाचं.) काउंटीची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे २ लाख ८६ हजार होती, १८५१ मध्ये सुमारे २ लाख १२ हजार. सासूबाईंचे पणजोबा नेमके ह्या काळात जन्मले. तेव्हा व्हॅल्युएशनमध्ये बाप सापडला नाही तर ‘आपलं काहीतरी चुकतंय’ असं लगेच ठरवू नका, आधी केनेडीच्या याद्या बघा. पूर्वजाचं नाव पाडलेल्या घरांच्या यादीत सापडणं सासूबाईंना जड जाईल, हेही मनाशी ठेवा. मी अशा वेळी आधी फोन करते, कागद नंतर पाठवते.

चर्चच्या वह्यांबद्दल. १८६४ च्या आधी कॅथलिक जन्मांची सरकारी नोंद नाही, त्यामुळे १८४८ च्या जन्मासाठी बाप्तिस्म्याची वही हाच आधार. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये ह्या वह्यांच्या, साधारण १८८० पर्यंतच्या, सगळ्या प्रतिमा फुकट खुल्या केल्या. पण वह्या कधी सुरू होतात हे पॅरिशगणिक वेगळं आहे, आणि तुमचं यश बरंचसं ह्यावरच ठरेल. एखादी १८२०-३० पासून आहे, शेजारची १८५० नंतरची. तुमच्या पॅरिशची वही उशिरा सुरू होत असेल तर मायकेल मिळणार नाही, मग त्याच्या धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे शोधायचे. आईबाप तेच, गाव तेच. नावं बरेचदा लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस होतो. ऑनोराचं तर विचारू नका: हॅनोरा, नोरा, नॅनो सगळी एकच बाई. आडनावाचं ‘मॅक’ कधी गळतं, कधी परत चिकटतं, तेव्हा नुसतं ‘महॉन’ही शोधा, मात्र मूळचे महॉनही असतात हे विसरू नका.

वयाला चिकटून बसू नका. साधारण १८४८ म्हणजे मी १८४३ ते १८५२ बघते. लोकांना वय नेमकं माहीत नसायचं आणि सांगायची गरजही नसायची. गंमत बघायची तर १९०१ आणि १९११ ची जनगणना शेजारी ठेवा. दहा वर्षांत कितीतरी म्हातारी माणसं पंधरा वर्षांनी मोठी झालेली दिसतात. मधे १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना वृद्धापकाळाचं पेन्शन सुरू झालं, त्याची ही करामत. पण त्याच पेन्शनमुळे आमच्या हाती एक ठेवा लागला. जन्मनोंद नसल्यामुळे अर्जदाराचं वय तपासायला कारकून १८४१ आणि १८५१ च्या, तेव्हा अजून न जळालेल्या जनगणना उघडून कुटुंब शोधायचे, आणि ते तपासणीचे फॉर्म आगीतून बचावले, आजही शाबूत आहेत. मायकेल अमेरिकेत होता, त्याला हे पेन्शन नाही. पण मागे राहिलेल्या भावाने किंवा बहिणीने अर्ज केला असेल, तर त्या फॉर्मवर आईबापांची नावं आणि टाउनलँड दोन्ही असतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट शोधता येतात.

टाउनलँड एकदा पक्का झाला की घराच्या जागेपर्यंत पोचायला व्हॅल्युएशनच्या फेरफार-वह्या आहेत. ग्रिफिथनंतर प्रत्येक धारण कोणाकडून कोणाकडे गेली ते त्यात विसाव्या शतकात बऱ्याच पुढपर्यंत लिहिलेलं आहे, दर फेरीला वेगळ्या रंगाच्या शाईने. पॅट मॅकमहॉन काळ्या शाईत, त्यावर लाल रेघ आणि वर जॉन, मग जॉनवर निळी रेघ. रंगावरून वर्ष लावायचं. बापावर रेघ पडली त्याच्या आसपास त्याची मृत्युनोंद शोधायची, आणि ती बहुतेक वेळा मिळते. सोबतच्या नकाशावर तोच आकडा बघून आजच्या उपग्रहचित्रावर जागा टिपता येते. ह्या वह्या डब्लिनला आहेत, माझ्यासारखीला पैसे द्यायचे तर ते ह्या टप्प्यावर द्या. त्याच्या आधीचं बहुतेक काम तुम्ही घरबसल्या करू शकता, आणि ‘नाव सांगा, आम्ही वंशावळ देतो’ म्हणणाऱ्याला तर अजिबात देऊ नका. कोरोफिनच्या क्लेअर हेरिटेज सेंटरकडे काउंटीतल्या चर्चनोंदींची जुनी, कसून केलेली सूची आहे. ते शुल्क घेऊन शोध करतात. त्यांच्याकडे आईचं माहेरचं आडनाव हातात घेऊन जा.

आता जूनबद्दल. एनिसच्या लोकल स्टडीज सेंटरला (काउंटी लायब्ररीचा स्थानिक इतिहासाचा विभाग) आधी ईमेल करा, एका परिच्छेदात: नावं, वर्षं, आतापर्यंत काय पाहिलं, काय हवं. जमीन खाजगी असते, कुंपण ओलांडण्याआधी जवळच्या घरी विचारा. सासूबाईंचं वय आणि आडनाव सांगितलंत की बहुधा चहाच होईल, आणि त्या चहावर कागदात नसलेलं काही कळेल. मात्र घराच्या भिंती उभ्या असतील अशी आशा त्यांना लावू नका. आणि स्मशानात मॅकमहॉनांचा १८५० चा दगड शोधत दिवस घालवू नका, गरिबांनी कोरीव दगड लावले नाहीत. त्यापेक्षा निघण्याआधी दुखस डॉट आयई (duchas.ie) ह्या साइटवर त्या टाउनलँडची शाळा शोधा. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या दुष्काळाच्या, विहिरींच्या, पाडलेल्या घरांच्या गोष्टी वहीत उतरवल्या होत्या, त्या मुलांच्या हस्ताक्षरात तिथे आहेत. मायकेलच्या भावाची नातवंडं त्या वर्गात असू शकतात.

जूनपर्यंत पॅरिशपर्यंतच पोचलात आणि टाउनलँड नाही मिळाला तरी या. पॅरिश किलरशच्या बाजूचा निघाला, तर तो मुलूख, किलरशचा धक्का, समोरचं स्कॅटरी बेट हे सगळं मायकेलच्या ओळखीचं असणार, एवढं तरी म्हणता येईल. फक्त कुठल्याही पडक्या घराकडे बोट दाखवून ‘हेच ते’ म्हणू नका, आणि गाइडलाही म्हणू देऊ नका.

शेवटी एक, तुम्ही विचारलेलं नाही पण पुढचा प्रश्न बहुधा तोच असतो. पणजोबांच्या जोरावर सासूबाईंना किंवा यजमानांना आयरिश नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी साधारणपणे आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले लागतात. सासूबाईंच्या आईकडचं कुणी तिथे जन्मलं होतं का, ते मात्र विचारून बघा.